वाकणारी नात

सकाळपासून सून सरीत बसून बटाटे वेचत होती. पुढे नवरा कुदळीनं वरंबा फोडायचा, मागे ती माती झटकून मोठा बटाटा एका पाटीत, बारका दुसऱ्या पाटीत आणि कुदळीनं कापलेला तिसऱ्या पाटीत टाकायची. माती वर कोरडी, आत ओली. नखांत एकदा जाऊन बसली की दोन-दोन दिवस निघत नसे.

बांधावर उलट्या पाटीवर सासरे बसले होते. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. कापलेला बटाटा दिसला की तो कुणाच्या चुकीनं कापला हे सांगायचं, एवढंच आबांचं शेतातलं काम. कुदळ नवऱ्याच्या हातात असली तरी बटाटा बहुतेक वेळा सुनेच्याच चुकीनं कापलेला असे.

आज न्हावी बांधावरच दाढी करायला आला होता. आबांच्या नाकावर आणि गालांवर बारीक लाल पुटकुळ्या होत्या, तरुणपणापासूनच्या. त्यांतून वस्तरा काढायचं कसब गावात त्या एकाच न्हाव्याकडे होतं आणि तो ते बोलूनही दाखवायचा.

शेजारी पोत्यांच्या आधारानं सात महिन्यांची नात बसवली होती. नुकतीच झोपेतून उठलेली. तिनं एकाएकी दोन्ही हात पुढे टाकले, मान छातीवर आणली आणि कमरेत वाकली. सरळ झाली, पुन्हा वाकली. असं सात-आठ वेळा झालं.

"बघितलंस?" आबा न्हाव्याला म्हणाले. "सात महिन्यांची पोर, पण मोठं माणूस दिसलं की वाकते. शिकवलं कुणी? कुणी नाही. रक्तातच असावं लागतं ते."

"आबा, तोंड मिटा. पुटकुळी कापली जाईल."

"कापू दे. तुझी पोरं वाकतात का, ते सांग."

न्हाव्याची पोरं त्याच्यासमोर पाय पसरून बसायची, त्यामुळे तो वस्तऱ्यावरचा फेस पुसू लागला.

सरीतून सुनेनं मान वर करून पाहिलं. लेक वाकून झाली की रडायची, मग कुठंच नजर न लावता पडून राहायची. महिन्यापूर्वी ती आईला बघून खुदकन हसायची, चमचा दिसला की हात पुढे करायची. आता हसत नव्हती आणि चमचाही घेत नव्हती. लेक कुणाला मान देत नाहीये, तिला काहीतरी होतंय, एवढं तिला कळत होतं. पण या घरात कळून उपयोग नसे. आबांना कळावं लागे.

आबांना काय काय कळायचं ते सांगायलाच हवं. घराण्याच्या अंगावर एक शिक्का असतो, असं ते म्हणत. आबांच्या पोटावर पानाच्या आकाराचा पांढरट डाग होता. मुलाच्या मांडीवर दोन होते. नात जन्मली त्याच दिवशी आबांनी तिला उताणी-पालथी करून पाहिलं, पाठीवर आणि पायावर मिळून पाच डाग मोजले आणि जाहीर करून टाकलं, "पोरगी आमची आहे." जणू तोवर कुणी वेगळं म्हणत होतं. सुनेच्या पोटात नऊ महिने होती, हा पुरावा त्यांनी कधी धरला नाही.

वाकणाऱ्या नातीची कीर्ती आता पसरली होती. लोक येऊन समोर बसत आणि मान मिळाला की खूश होऊन जात. पोर झोपेतून उठल्यावर जास्त वाकते, हे आबांनी हेरलं होतं. त्यामुळे सोसायटीचे चेअरमन आले तेव्हा त्यांनी झोपलेल्या पोरीला उठवायला लावलं. पोर अकरा वेळा वाकली. चेअरमन म्हणाले, "एवढा मान मला निवडून आलो तेव्हाही मिळाला नव्हता." सून चुलीपाशी उभी राहून ओठ चावत होती. त्या दिवशी तिला आबांचा खरोखर राग आला.

लस टोचायला आलेल्या नर्सबाईनं मात्र पाहताक्षणी सांगितलं, "हे वाकणं नाही, हे झटके आहेत. उशीर करू नका, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या. एकेक दिवस महत्त्वाचा आहे."

"तिला काय कळतं?" नर्सबाई गेल्यावर आबा म्हणाले. "तिला कधी कुणी वाकलं असतं, तर कळलं असतं."

सुनेनं नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला, "आबांना विचार." लग्नापासून तो एवढंच म्हणत आला होता.

दोन दिवस तिनं विचार केला. रडून उपयोग नव्हता, भांडून तर नव्हताच. तिसऱ्या दिवशी आबांच्या पुढ्यात चहा ठेवून ती म्हणाली, "आबा, गावातल्या सगळ्यांनी बघून झालं. पण गावातल्यांच्या कौतुकाला काय किंमत? शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी असं मूल आजवर बघितलं नसेल."

आबांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

"बघितलं कुठून असणार," ते म्हणाले. "उद्या बटाट्याचा टेम्पो जातोय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बटाट्याच्या पोत्यांबरोबर सगळं घर दवाखान्यात पोचलं. आबांनी धुतलेले कपडे घातले होते. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. पोर आईच्या मांडीवर जागी झाली आणि लगेच वाकायला लागली.

"तुम्हालाच मान देतेय," आबा म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाइलवर चित्रण केलं, वेळ टिपून घेतली आणि म्हणाल्या, "हे झटके आहेत, आजोबा. मेंदूतून येतात."

आबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मग ते हिच्या माहेरचे असतील. आमच्या घराण्यात असलं काही नाही."

सून खाली मान घालून बसली. हे येणार, हे ती घरून निघतानाच धरून चालली होती.

डॉक्टरीणबाईंनी पडदे ओढले, निळसर उजेडाचा एक दिवा लावला आणि पोरीचं झबलं काढून तो तिच्या अंगावरून फिरवला. पाठीवरचे, पायावरचे डाग लख्ख उठून दिसले. पाच नव्हते, नऊ होते.

"हे डाग जन्मापासून आहेत?"

आबांना धरबंधच राहिला नाही. "जन्मापासून? बाई, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्या घराण्याचा शिक्का आहे तो." बोलता बोलता त्यांनी सदरा वर केला. "हा माझा. आणि तू काय बघतोस, दाखव ना मांडी."

नवऱ्यानं सुनेकडे बघितलं, मग आबांकडे, आणि मुकाट्यानं मांडी दाखवली. डॉक्टरीणबाईंनी दिवा दोघांवर धरला. आबांची नखं पाहिली, नाकावरच्या पुटकुळ्या जवळून पाहिल्या. आबांना इतक्या आदरानं कुणी कधी न्याहाळलं नव्हतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दिवा सुनेच्या हातापायांवरून, पाठीवरून फिरवला.

"तिच्या अंगावर नाही सापडायचा," आबा ऐटीत म्हणाले. "एकसुद्धा नाही. पोरीत जे काही आहे ते सगळं आमचंच."

"बरं झालं, तुम्हीच सांगितलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कारण हा आजार त्या डागांबरोबरच चालत येतो."

पडदे उघडल्यावर डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. आजाराचं नाव लांबलचक, ट्युबरस स्क्लेरोसिस. जन्मतःच शरीराच्या घडणीत एक चूक असते, तिच्यामुळे ठिकठिकाणी गाठी होतात. कातडीवर, मूत्रपिंडात, मेंदूत. कुणाला नुसते डाग आणि पुटकुळ्या येतात, कुणाला झटके येतात, आणि एकाच घरात दोन्ही तऱ्हा दिसतात. खूप मुलांना तर घरात कुणालाच नसताना होतो. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. तपासण्या होतील, पण त्यांना फारशी शंका नव्हती. "आणि यात दोष कुणाचाच नाही. ना आईचा, ना आजोबांचा. मेंदूतल्या गाठी बटाट्यासारख्या टणक असतात, तिथून झटके सुटतात."

नवरा त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलला. "उकरून काढता येतात का?"

"सगळ्यांच्या नाही. पण झटके थांबवायचा प्रयत्न करता येतो, आणि तो आजपासून करायचा. आजार जाणार नाही. पोरगी चालेल, बोलेल, शाळेत जाईल, पण कदाचित उशिरा. किती, ते आज मी सांगू शकत नाही. औषध मात्र एक वेळही चुकता कामा नये."

सुनेला रडू कोसळलं. दोष नाही, हे ऐकून की आजार जाणार नाही, हे ऐकून, तिचं तिलाही कळलं नाही.

आबा सदऱ्याची गुंडी लावत होते. ती काही केल्या लागेना. मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "माझी धाकटी बहीण अशीच वाकायची. आई म्हणायची, सोंग करते. मीही मारायचो तिला. सहा वर्षांची होऊन गेली."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्या बहिणीबद्दल कधी ऐकलंच नव्हतं. आबांवरचा राग तिच्या हातातून निसटल्यासारखा झाला, आणि तेही तिला आवडलं नाही.

आठवडाभर पोर दवाखान्यात राहिली. डोक्याला तारा लावून आलेख निघाले, फोटो निघाले. जाताना डॉक्टरीणबाईंनी सुनेला औषधाची पुडी पाण्यात कशी विरघळवायची आणि बिनसुईच्या सिरिंजनं सकाळ-संध्याकाळ किती द्यायची, ते दाखवलं. आबांना आणि नवऱ्याला मूत्रपिंडं तपासायला बोलावलं.

दहा दिवसांत वाकणं निम्म्यावर आलं, महिन्यात थांबलं. लोक यायचे, बसायचे, मान न मिळता उठायचे. चेअरमन जरा नाराजच झाले.

सुनेला आता एकच भीती होती. कापणीच्या, वेचणीच्या दिवसांत ती शेतात अडकली आणि संध्याकाळचं औषध चुकलं तर? नवऱ्याच्या ध्यानात राहणार नव्हतं. आबांच्या राहिलं असतं, पण त्यांना ते बायकी काम वाटायचं. मग तिनं एक थाप मारली. आयुष्यातली पहिलीच, पण नीट विचार करून मारली. म्हणाली, "आबा, डॉक्टरीणबाई तुम्हाला तोंडावर बोलल्या नाहीत, मला सांगितलं. म्हणाल्या, औषध घराण्यातल्या मोठ्याच्या हातून गेलं तर बरं. दुसऱ्याच्या हातून गुण कमी येतो."

डॉक्टरीणबाई असं काहीही म्हणाल्या नव्हत्या.

आबांनी पुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "वाटलंच मला," ते म्हणाले.

एका संध्याकाळी सून शेतातून येत होती. ओसरीवर आबांपुढे चार-पाच माणसं बसली होती, न्हावीही होता.

"हजारोंत एखाद्या घरी असतो हा आजार," आबा सांगत होते. "ताप, खोकला कुणालाही होतो. हा नाही. डॉक्टरीणबाईंनी माझं नाक बघायला आठ शिकाऊ डॉक्टर बोलावले होते. ओळीनं उभे. तुझं नाक बघायला कुणी आलंय का कधी?"

"नाही बा," न्हावी म्हणाला.

सून दाराशी थांबली. तिच्या जिभेवर आलं होतं, की आबा, पुरे करा. पण घड्याळात सहाला दोन मिनिटं कमी होती. आबा वाक्य अर्धवट सोडून उठले, न्हाव्याला "थांब, आलो" म्हणाले आणि आत जाऊन पुडी फोडून वाटीत टाकू लागले. त्यांनी वाटी जमिनीवर ठेवली, स्वतः तिच्यापुढे मांडी घातली आणि पोरीला मांडीवर घेऊन सिरिंजनं, थेंब न सांडता सगळं औषध पाजलं.

सुनेनं हातपाय धुतले आणि ओसरीवरच्यांसाठी चहा टाकला.