पुढचा दिवा

प्रितेशने दातांनीच वायर सोलली आणि तांब्याच्या तारा पिळून होल्डरमध्ये खुपसल्या. मोटारसायकलची हेडलाइट जोडायची ही त्याची पहिलीच वेळ. गोदामातल्या पोरांकडून ऐकीव विद्या घेऊन आला होता. हौसेला काय, मोल नसतं! नारपोलीच्या मिस्त्रीकडे गाडी टाकली असती तर चार दिवस अडकली असती, आणि दौलतला, त्याच्या बापाला, तेवढा धीर नव्हता.

"जालं का रं? उद्या पोरीचा क्लास हाय," दौलत ओट्यावरून ओरडला.

दिवाळीच्या सुट्टीआधी नातीला क्लासहून आणताना त्याने वळ गावच्या रस्त्यावर उभ्या कंटेनरला गाडी जवळजवळ ठोकलीच होती. पुढे टाकीवर बसलेल्या आठ वर्षांच्या उन्नतीचा गुडघा सोलवटला, तेवढ्यावरच निभावलं. "लाईट मंद हाय, मी काय करू?" घरात पाऊल टाकायच्या आधीच त्याने सांगून टाकलं. सून मनाली म्हणाली, "बाबा, एकदा डोळे दाखवून घेऊ या." तर केवढा भडकला! "डोलं माझं गरुडाचं हायत!" त्यावर मनाली स्वयंपाकघरात जाऊन पुटपुटली, "नाचता येईना, अंगण वाकडं." प्रितेशला ते फार लागलं. बापाची बाजू राखायची म्हणूनच तर त्याने हा उद्योग अंगावर घेतला होता.

दिवस बुडाला. गाडी कुंपणाच्या भिंतीसमोर उभी करून त्याने किक मारली, बटण दाबलं आणि हँडलमागे खाली वाकूनच विचारलं,

"बाबा, बघ रे, पडला का उजेड भिंतीवर?"

"पडला! काय लख्ख पडलाय! इटा मोजून घे."

प्रितेशचा जीव भांड्यात पडला. हसत हसत तो पुढे आला आणि तिथेच थबकला. बल्ब पेटलाच नव्हता. काचेवर हात ठेवून पाहिला, गार. भिंतीवर होता तो शेजारच्या गोदामाच्या गेटवरचा पिवळट उजेड, रोजचाच.

तो खाली बसून वायर चाचपत गेला. दसऱ्याला गाडीची पूजा म्हणून दौलतने फाटकाच्या उरलेल्या ऑइलपेंटने स्वतःच्या हाताने अख्खी गाडी रंगवली होती. अर्थिंगची वायर जिथे बॉडीला टेकते तो बोल्टही त्यात लिंपला गेला होता. रंगावर वायर आवळून करंट कसा फिरणार? ब्रश तर नंबरप्लेटच्या आकड्यांवरूनही गेला होता. तेव्हा सगळं घर हसलं होतं. आपणही हसलो होतो, या विचाराने प्रितेशला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने पॉलिशपेपरने बोल्ट घासला, वायर आवळली, बटण दाबलं. पांढरा झोत भिंतीवर पडला.

दौलत ओट्यावरून उठला. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग प्रितेशकडे. मघाशी आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. खांद्यावरच्या पंच्याने तो उगाचच तोंड पुसत राहिला.

प्रितेशला बापाची फार दया आली. त्याने हात घातला आणि ती वायर उपटून काढली. झोत गेला.

"बाबा, काम कच्चं राहिलंय. रस्त्यात मध्येच गेली लाईट तर? नीट होईपर्यंत उन्नतीला मीच सोडीन, मीच आणीन."

आता हा उसळणार! लहानपणापासून बापाच्या आवाजाला प्रितेश टरकून होता.

दौलत गाडीजवळ आला. चावीचं भोक बोटांनी शोधत त्याने गाडी बंद केली, चावी काढली, सवयीने सदऱ्याच्या खिशापर्यंत नेली आणि मग लेकापुढे धरली.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," तो म्हणाला. "लाईटीचं काम हाय, बाला. घाई न्हाय."