खुंटाची फूट

शांतवननं चाकू धोंड्यावर घासला, अंगठ्यावर धार पाहिली आणि पुन्हा घासायला घेतला. धार मघाशीच लागली होती.

समोर ओट्यावर, ताटलीएवढ्या उथळ कुंडीत, वीतभर उंचीचं जपानी मेपल होतं. त्याचा मुलगा यशया लढाई संपल्यावर पलटणीबरोबर वर्षभर जपानात होता. तिथल्या एका म्हाताऱ्याला तो आपल्या वाटणीची साखर देई. यशया निघाला तेव्हा त्या म्हाताऱ्यानं हे कलम त्याच्या हातात ठेवलं. खाली साध्या हिरव्या मेपलचा खुंट, त्यावर लाल पानांची फांदी बांधलेली. बोटीतून, आगगाडीतून मांडीवर सांभाळत यशयानं ते गेल्या पावसाळ्यात नगरला आणलं. वीस दिवसांची रजा संपली तेव्हा बायकोला म्हणाला, "दया, ही पानं लाल हायेत तवर मी खुशाल हाय असं समज." गंमतच केली होती. पण गंमत करणारा निघून गेला की मागे राहिलेल्यांना ती गंमत वाटत नाही.

शांतवन मिशनच्या बंगल्यावर तीस वर्षं माळी होता. त्याच्या गुलाबांना नगरात तोड नव्हती, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटायचं, हे त्याच्या हातात मुरलेलं. त्यानं मेपलही छाटलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पंधरा दिवसांत कोवळी लाल पालवी आली, तेव्हा तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवत होता.

मग यशयाचं पत्र आलं. 'बाबा, झाडाला आत्ता हात लावू नका. थंडीत पानं गळतील, गळू द्या. झाड झोपलंय असं समजा. फेब्रुवारीत फांद्यांचे डोळे फुगायच्या आधी एकच फांदी ठेवा, बाकीच्या काढा.' ती फांदी कशी वळवायची ते खाली पेन्सिलीनं काढलं होतं. वाकडी, पण वर जाणारी एक रेघ.

जानेवारीत काश्मीरहून तार आली. यशया बेपत्ता. झोपायचं ते झाडही, अवेळी छाटल्यानं, त्या थंडीत जागंच राहिलं आणि मार्चच्या उन्हानं वरचं सगळं करपलं.

आता एप्रिल संपत आला होता आणि कलमाच्या सांध्याच्या खालून दोन हिरवेगार फुटवे जोमानं वर आले होते. खुंटाची फूट. कुठल्याही माळ्याला विचारा, ती दिसली की काढायची, नाहीतर कलम उपाशी मरतं. शांतवननं आयुष्यात ती शेकड्यांनी काढली होती. पण वरच्या, लाल पानांच्या काडीत जीव असला तरच काढण्यात अर्थ; नसला तर झाडच संपणार. आणि जीव आहे की नाही ते बघायला नखानं साल खरवडून आत हिरवं आहे का पाहावं लागतं. पाच आठवडे त्यानं ती खरवडली नव्हती.

दया पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"मामा, आज छाटायचं का?"

"फांदी निवडायची हाय. यशयानं काढून धाडलीय तशी."

"यातली कंची?"

"ही डावी. वळंल ही. आत्ता हिरवी हाय, थंडीत लाल व्हईल."

गेला महिनाभर तो रोज हेच सांगत होता, आणि दया रोज मान हलवत होती. पोरीला तेवढाच धीर, असं त्याला वाटे. खोटं बोलल्याबद्दल तो रात्रीच्या प्रार्थनेत माफीही मागे.

आज तिनं मान हलवली नाही. ती कुंडीजवळ उकिडवी बसली.

"माझा बाप बेलापूरच्या मळ्यात मोसंबीचे डोळे भरायचा, कलमं बांधायचा. बांधायला केळीचं सोपट मीच त्याच्या हातात द्यायची."

शांतवनचा हात थांबला.

"खुंटाच्या फुटीला मोसंबी येत न्हाई, मामा. ह्येबी लाल व्हायचं न्हाई. मला ठावं हाय."

"मंग येवढे दिस बोलली का न्हाईस?"

"तुमी रोज सांगत हुता." तिनं पदर सारखा केला. "तुमाला त्येवढाच आधार हुता."

तिला सावरतोय या समजुतीवर त्यानं हे सगळे दिवस काढले होते. समजूत गेली, तसं त्याला एकदम फार म्हातारं वाटलं.

"खरवडून बघा आता," दया म्हणाली. "मी हाय हितं."

त्यानं चाकू खाली ठेवला. अंगठ्याचं नख काडीला लावलं. नख तिथंच राहिलं.

"माज्यानं न्हाई व्हायचं, पोरी."

दयानं खरवडायला हात पुढे केला. शांतवननं कुंडी पटकन आपल्याकडे ओढली, पोटाशी धरली.

"नाताळापातुर ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "नाताळापातुर तरी."

दयानं त्याच्या हातांतून कुंडी अलगद सोडवून ओट्याच्या सावलीत सरकवली आणि तांब्या उचलला. पाणी घातलं ते आधी वरच्या वाळल्या काडीवर, मग मुळाशी.