दोन कागदांची फट

वाटीतला सरस पातळ होऊन त्यातून वाफ निघू लागली होती, आणि नव्या गिटारीची मान तिच्या धडाला कायमची जोडण्याची वेळ येऊन ठेपली होती. सासऱ्यांनी सध्या सरसाविना बसवलेल्या मानेच्या पडद्यांवर पोलादी पट्टी लांबीने ठेवली, तिचे टोक पोटाच्या पातळ फळीवर नुसत्याच ठेवलेल्या, तारा पेलणाऱ्या घोडीवर नेले, एक डोळा मिटला आणि निर्णय दिला, "टेकली. आण सरस."

सुनेने वाकून खिडकीच्या उजेडात पाहिले. पट्टी टेकली नव्हती. पट्टी आणि घोडी यांच्यामध्ये उजेडाची रेघ स्वच्छ दिसत होती. याचा अर्थ मान प्रमाणाबाहेर मागे रेलली होती. ती तशीच चिकटवली, तर घोडी उंच करावी लागेल, तारांचा सारा ताण पातळ पोटावर येईल आणि वर्ष-दोन वर्षांत ते फुगून बसेल. सरस एकदा वाळला की मान सोडवणे म्हणजे अर्धे वाद्य मोडणे.

परंतु हे बोलावे कसे? करवत त्यांनी मागेच सोडली होती, नक्षीही सोडली होती. मानेचा कोन तेवढा अद्याप त्यांचा होता. तोही काढून घेतला, तर हा मनुष्य उद्यापासून खुर्चीत बसून भिंत न्याहाळत राहील, ही धास्ती तिच्या जिवाला लागली होती. वस्तुतः तिला गिटारी घडवायला शिकवले तेही त्यांनीच.

"बाबा, पुन्हा एकदा बघता?"

"चाळीस वर्षं बघतोय. आता तू मला बघायला शिकवणार?"

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "सुई मी ओवून देते, पेपर मी वाचून दाखवते, आणि मानेचा कोन बरा दिसतो हो ह्यांना!"

"तुला कुणी विचारलंय?" सासरे गरजले, परंतु त्यांचा हात पट्टीवरून हलला नाही.

सुनेने जाड कागदाचे दोन तुकडे कापले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. "डोळ्याचं राहू द्या. बोटांनी सांगा."

त्यांनी एक तुकडा पट्टीखाली सरकवला. तो अडला नाही. दुसरा त्याच्यावर सरकवला. तोही सुखाने आत गेला. सासरे बराच वेळ ते कागद मागेपुढे करीत राहिले. किंबहुना ते आता कागद मोजत नसून स्वतःलाच काही समजावीत असावेत.

"दोन," ते हळूच म्हणाले. "मला एका कागदाएवढीही फट दिसली नाही, पोरी."

काचकागदाची पट्टी घेऊन तिने ती मानेची टाच, म्हणजे तिचे धडाला भिडणारे टोक, आणि धड यांच्यामध्ये, वरच्या अंगाला, खरखरीत बाजू टाचेकडे करून घातली. सासऱ्यांनी न सांगताच मान धडावर दाबून धरली. टाचेचे लाकूड घासून मान किंचित पुढे यावी म्हणून तिने कागद ओढला. उजवीकडे तीन वेळा, डावीकडे तीन वेळा, जेणेकरून मान एका बाजूला कलू नये. पुन्हा पट्टी ठेवली. आता एकच कागद जात होता.

"आणखी तीन-तीन ओढते. म्हणजे फट पुरती बुजेल."

"थांब! पुरती बुजवू नकोस." त्यांनी तिचे मनगट धरले. "तारा चढल्या की त्या मानेला पुढे खेचतात. आज तंतोतंत बसवलीस, तर महिन्याभरात पुढे झुकलेली दिसेल. एक कागद तारांसाठी ठेवायचा."

"हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही."

"तुला कधी करू दिलं नाही, तर सांगणार कशाला?"

दोघांनी मिळून सरस लावला, मान बसवली आणि शिकंजे आवळले. सुनेने हात पुसता पुसता सहज विचारल्यासारखे विचारले, "उद्या दुसऱ्या गिटारीची मान आहे. किती वाजता येता?"

"तुझं आटोपलं की हाक मार," सासरे म्हणाले. "मला एकट्याला काय दिसणार आहे?"