कोडी नसलेलं तळं

आमच्या शामसुंदरला तळं पाहिजे झालं. माणसाला गाडी पाहिजे होते, बंगला पाहिजे होतो, तेवढं मला समजतं. ह्याला तळं! बेंगळुरात, जयनगरच्या कापडाच्या दुकानात पंख्याखाली बसून बसून पोराच्या डोक्यात पाणी झालंय, असं मी म्हटलं, तर माझी सून वाणी म्हणाली, "अत्ते, हळू बोला, त्यांना ऐकू जाईल." जाऊ दे की! वाणीला एवढंही कळत नाही, मी बोलते ते ऐकू जायलाच.

दोड्डबळ्ळापूरच्या पुढे सासऱ्यांनी घेतलेली जमीन आहे आमची. मधून एक ओढा वाहतो. आमच्या हद्दीतून निघाला की तो शेजारच्या पुट्टम्माच्या शेतात शिरतो. त्या ओढ्यावर तिची विहीर, आणि विहिरीवर तिची शेवंती. वरमहालक्ष्मीच्या सणाला अख्ख्या बेंगळुरात जी फुलं दिसतात ना, त्यातली अर्धी पुट्टम्माची. बरं, अर्धी नसतील. पण माझ्या देवीला तरी तिचीच.

तर ह्या शहाण्याने त्या ओढ्यावरच आडवा बांध घातला. रविकुमार म्हणून एक कंत्राटदार धरला, सावलीतही काळा चष्मा लावणारा. जेसीबीने खड्डा खणला. पहिल्या सरींचं पाणी आलं आणि दोन दिवसांत गायब! तांबडी माती ती, चाळणीच की. मी म्हटलं, "अरे, चिकणमाती आणा, ओली करा आणि वर मेंढरं फिरवा. माझ्या आजोबांनी अशी मेंढरं नाचवली होती, की माती इतकी घट्ट झाली, पावसाचा थेंब पडला की उसळून परत ढगात जायचा."

"अम्मा, आता प्लास्टिक येतं," रविकुमार हसून म्हणाला.

अंथरलं प्लास्टिक. काळं, आणि एवढं मोठं, की वरून विमानातल्या लोकांना वाटलं असेल, खाली रात्र झाली. मग पाऊस दडी मारून बसला आणि शामूला धीर कुठला? बोअर चालू केली. दिवसरात्र मोटर घर्र घर्र.

आणि एक दिवस पुट्टम्मा बांधावर येऊन उभी राहिली. भांडायला आली असती तर बरं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "अक्का, बादली तळाला आपटते आता. शेवंतीला कळ्या धरल्यात. सणापर्यंत पाणी नाही मिळालं तर वर्ष गेलं माझं."

माझ्या अंगाची आग आग झाली. शामूला धरलं. तर म्हणतो, "अम्मा, जमीन माझी, बोअर माझी, वीज माझी."

"आणि ओढा? तो काय दुकानातल्यासारखा मीटरने मोजून आणलास?"

"स्वल्प थांब ना. भरलं की बंद करतो."

ते तळं काही भरेना, आणि हा काही थांबेना. शेवटी काठोकाठ दिसायला लागलं तेव्हा ह्याला नवीन खूळ. बागीन द्यायचं! धरण भरलं की मोठे लोक सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण घालून पाण्यात सोडतात ना, ते टीव्हीवर बघितलेलं. बेळ्ळंदूरचे मित्र, जयनगरचे शेजारी, सगळ्यांना आमंत्रणं. मांडव काय, खायला केसरीबात काय! सुपं भरायचं काम माझ्याकडे, कारण घरात मोठी मी. मी मुकाट्याने भरली. वाणीला संशय आला. "अत्ते, तुम्ही काही बोलत कशा नाही?" म्हणाली. आणि पुट्टम्माला मी बोलावलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

भटजी म्हणाले, "राहुकाळ लागायच्या आत उरकू या. द्या अम्मा, सुपं सुनेच्या हातात द्या."

मी सुपं मांडीवर घेऊन बांधावर फतकल मारली. "आधी कोडी दाखवा."

"कसली कोडी?" शामू कुजबुजला.

"तळ्याला कडेला सांडवा असतो, त्याला कोडी म्हणतात. भरलं की वरचं पाणी तिथून पुढच्याच्या शेतात जातं. कोडी वाहिली की बागीन देतात. तळं नुसतं भरलं म्हणून कोण देतं? तुझ्या तळ्याला तोंड आहे, पोट आहे, बाकी काही नाहीच."

पाहुणे हसले. मग मला चेव आला. म्हटलं, "माझ्या माहेरी एका सावकाराने असंच बिनकोडीचं तळं बांधलं होतं. कोंडलेलं पाणी रुसलं आणि जमिनीखालून त्याच्या घरात शिरलं. सांबार कितीही उकळा, पातळच. पिठाच्या डब्यात मरळ मासे. सावकार बोलायला तोंड उघडायचा तर बेडूक ओरडायचा. बायको म्हणायची, आधीपेक्षा बरं बोलतात."

मांडव हसून हसून आडवा. पण बेळ्ळंदूरची एक बाई हसता हसता थांबली. "आजी, पण ह्या तळ्यात पाणी आलं कुठून? पाऊस तर नाहीये."

"बोअर, मॅडम," रविकुमार अभिमानाने म्हणाला.

"पुट्टम्मा," मी हाक मारली, "आता तुझ्या विहिरीचं सांग."

ती मागे खांबाला धरून उभी होती. "विहीर आटली," एवढंच म्हणाली. "शेवंतीने माना टाकल्या."

हसणारे शामूकडे वळून बघायला लागले. शामूचे कान लाल. "अम्मा, नंतर बोलू."

"नंतर म्हणजे फुलं जळाल्यावर?"

भटजी घड्याळ बघत होते. "राहुकाळ येतोय हो!"

"काय पाहिजे तुला?" शामू दात खाऊन म्हणाला.

"कोडी. आत्ता. जेसीबी उभाच आहे."

शामूने छातीवर हात ठेवून रविकुमारला कोडीची उंची दाखवली, म्हणजे वरवरचंच पाणी जाईल. मी उठले आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. रविकुमारने चष्मा काढून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि माझं ऐकलं. बांधाची कड कापली, प्लास्टिक फडफडलं आणि पाणी सुटलं. काय सुटलं! पुट्टम्मा कासोटा घालून, कुदळ घेऊन पाण्याच्या पुढे पळत होती, ओढ्यातला पाचोळा ओढत. लोक केसरीबातच्या प्लेटा घेऊन मागे. राहुकाळ लागला, भटजींनी पोथी बांधली. शामू एकटाच बांधावर उभा होता.

परतताना गाडी शामूच चालवत होता. हेब्बाळच्या पुलावर गाड्या अडकल्या, तेव्हा म्हणाला, "कोडी झाली ना आता? मग बोअर चालू ठेवतो. पुन्हा भरेल."

म्हणजे वरून पाणी सोडायचं आणि खालून तिच्या विहिरीचं ओढायचं! मी दार उघडलं आणि एक पाय रस्त्यावर ठेवला.

"अम्मा! वेड लागलंय का? आत ये!"

"शेतावरच्या गड्याला फोन कर. मोटर बंद करून स्टार्टरच्या पेटीला कुलूप लाव म्हणावं, आणि किल्ली पुट्टम्माकडे दे म्हणावं. मग पाय आत घेते."

पुढच्या गाड्या हलल्या. मागे हॉर्न वाजायला लागले, बसवाला खिडकीतून कन्नडमध्ये माझ्या घराण्याचा उद्धार करत होता. करू दे. वाणीने मागून हळूच फोन पुढे केला.

शामूने केला फोन. किल्लीचं विसरला होता. मी पुन्हा करायला लावला.