मिक्सरची खंडेनवमी

आमच्या घरात एकदा उघडलेली वस्तू पुन्हा होती तशी बंद झाली, असं लग्नानंतर मी कधी पाहिलं नव्हतं. उघडणारे अर्थात आमचे हे. नंदकिशोर तुर्भ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्राचं चित्र काढता येतं म्हणजे यंत्र खोलताही येतं, असा त्यांचा स्वतःबद्दल गोड गैरसमज होता. भिंतीवरचं घड्याळ झालं, इस्त्री झाली, माझा ट्रान्झिस्टर झाला. दर वेळी एखाददुसरा स्क्रू उरायचाच. उरलेले स्क्रू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा व्हायचे आणि विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "कंपनीवाले जास्तीचे देतात गं."

म्हणून त्या दसऱ्याला मिक्सर बिघडला तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर घरातला स्क्रू ड्रायव्हर गव्हाच्या डब्यात लपवला.

हा मिक्सर म्हणजे चटणी वाटायचा साधा मिक्सर नव्हे. माझा भाऊ दिलीप मस्कतला नोकरीला होता, त्यानं तो तिकडून आणून दिला होता. चांगलं जडशीळ धूड. खाली मोठं स्टीलचं भांडं, वर वाकलेली मान, मानेतून भांड्यात उतरलेला एक आकडा. बाजूच्या बटणावर एक ते सहा असे आकडे होते. एकवर ठेवलं की सावकाश कणीक मळायचा, वर नेत गेलं की अंडी आणि केकचं पीठ फेटायचा. नेरूळच्या आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये तो बघायला सगळे मजले येऊन गेले. मला त्याचं कौतुक वेगळ्या कारणानं होतं. मी वाशीला एका ऑफिसात टायपिस्ट होते. दिवसभर टाइप करून मनगटं इतकी धरायची की घरी येऊन कणकेचा गोळा दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. रात्री हळद-तेल लावून, जुन्या साडीच्या पट्ट्या बांधून झोपायचे. मिक्सर आला आणि त्या पट्ट्या सुटल्या.

आत्यांनी त्याला नाव ठेवलं होतं, 'गडी'. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, बयाबाई. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्याच म्हणतात. आमची छकुली झाली तेव्हा बाळंतपणाला म्हणून पाटणहून आल्या आणि मी नोकरीवर परत गेले तशा राहूनच गेल्या. छकुली दोन वर्षांची झाली तरी त्यांच्या कडेवरून खाली उतरायला तयार नव्हती. मी घरातून निघताना ती रडायची नाही. उलट कधीकधी मलाच वाईट वाटायचं की ही जरासुद्धा रडत नाही.

"गडी बग कसा," आत्या मिक्सरकडे बोट दाखवून म्हणायच्या. "खाली मान घालून राबतोय. उलटून बोलत न्हाई, बिडीला पैसं मागत न्हाई."

तर दसऱ्याचा दिवस. पुरण शिजलेलं, कणीक भिजवायची होती. मी भांड्यात पीठ घेतलं, पाणी ओतलं, बटण एकवर केलं. आणि गडी पिसाळला. एकवर असतानाच असा सुसाट सुटला की पीठ छताला, पीठ कॅलेंडरला, पीठ माझ्या नव्या साडीला. भांडं ओट्यावर थयथयाट करायला लागलं. मी बटण मागे-पुढे केलं, पण दोन काय न् सहा काय, त्याला एकच वेग ठाऊक. शेवटी प्लग ओढला तेव्हा कुठे थांबला. मागे वळून पाहिलं तर दारात आत्या उभ्या होत्या, कडेवर छकुली. दोघींच्या केसांवर पीठ. छकुली टाळ्या पिटत होती. आत्या मात्र हसल्या नाहीत. एरवी असं काही झालं असतं तर त्यांनी सगळ्या मजल्यावर सांगून धमाल उडवली असती. त्या दिवशी त्यांनी परात काढली आणि कणीक स्वतः मळायला बसल्या. मी नुसतं पीठ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "नंदू, मला गावाकडं न्हिऊन सोड."

"का गं आई? काय झालं?"

"काय न्हाई. करमत न्हाई."

छकुलीला मांडीवर घेऊन, तिच्या तोंडात भाताचा घास घालत ही बाई करमत नाही म्हणत होती! मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. आत्या गेल्या तर छकुलीला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणजे माझी नोकरी गेल्यातच जमा. पण खरं सांगते, त्या रात्री मला नोकरी आठवली नाही. संध्याकाळी दमून बस स्टॉपवरून येताना आमच्या गॅलरीत पांढरं डोकं आणि त्याच्या शेजारी एक काळं डोकं दिसायचं. आता ते दिसणार नाही, एवढंच मनात येत राहिलं.

त्यांनी रविवार ठरवला. त्यांचा भाचा देवजी पनवेलला एसटी डेपोत होता, तो गाडीत बसवून देणार होता.

मी आठवडाभर कारणं शोधत बसले. इथल्या नळाचं पाणी मानवत नसेल. शेजारीण काही बोलली असेल. मीच तर काही बोलले नव्हते ना? शिरवण्याहून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या मावशीकडून सुके बोंबील घेतले. सोमवार-शनिवार न पाहता आत्यांना आवडतात तसे लसूण घालून केले. त्यांनी खाल्ले, "बेस झाल्यात" म्हणाल्या आणि उठून बोचकं बांधायला लागल्या. बोंबलांनीही हात टेकले म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मग माझ्या डोक्यात आलं, त्या यंत्राला घाबरल्या असतील. एवढं सुसाट यंत्र, घरात लहान पोर. म्हाताऱ्या माणसाच्या मनात भीती बसते. मिक्सर सुधारला, एकवर शहाण्यासारखा फिरताना त्यांना दिसला, तर कदाचित थांबतील. तसा मिक्सर रिक्षात घालून वाशीला नेला. दुकानदारानं तो चारी बाजूंनी पाहिला, फिरवला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"ताई, हा आपल्याकडचा पीस नाय. पार्ट नाय भेटनार याचा. खोलायला खोलीन मी, पन मग तुमीच बोलाल की बंद कर."

नुसता खोलणारा माणूस तर माझ्या घरात फुकट उपलब्ध होता. शनिवारी दुपारी मी गव्हाच्या डब्यात हात घातला आणि स्क्रू ड्रायव्हर यांच्या पुढ्यात ठेवला.

"तूच देतेयस?" यांचा विश्वास बसेना.

"एक स्क्रू जरी उरला ना, तर तुम्हालाही त्याच एसटीत बसवीन."

यांनी वर्तमानपत्र पसरलं. प्रत्येक तुकडा निघेल तसा त्यावर ओळीत ठेवायचा आणि लावताना उलट्या ओळीनं उचलायचा, अशी शपथ घेतली. मिक्सरच्या पाठीवर, मोटार तापू नये म्हणून, हवेची जाळी होती. ती काढली, मागचं झाकण काढलं. आतल्या यंत्रावर मान वाकवून बराच वेळ बघत राहिले. मग एकदम खूश झाले.

"हे बघ, किती हुशारीनं केलंय! मोटार जोरात फिरली की ही दोन वजनं बाहेर फाकतात आणि या पट्टीला ढकलतात. पट्टी हलली की करंट क्षणभर तुटतो. मोटार हळू झाली की पुन्हा जोडतो. बटण फक्त एवढंच ठरवतं, की पट्टी केव्हा हलायची."

"मग आता काय झालंय?"

"पट्टी हलतच नाहीये. करंट तुटतच नाही, म्हणून सुटतो तो बेभान. थांब, हिच्या मागे काहीतरी आहे." माझ्या केसातला आकडा मागून घेऊन यांनी पट्टीच्या मागे अलगद घातला. एक बारीक लालसर तुकडा टपकन खाली पडला. यांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि वर्तमानपत्रावर ओळीत सगळ्यात शेवटी मांडला. "हा पार्ट नीट सांभाळ. रबरी इन्शुलेटर दिसतोय. जागेवरून सरकला असणार. परत बरोबर तिथेच बसवावा लागेल."

मी वाकून पाहिलं. मग हसू आवरायला तोंडावर पदर धरला.

तो तांदळाचा दाणा होता. कुंकवानं माखलेला, चांगला टपोरा, पूजेच्या अक्षतांमधला.

आणि हसता हसता सगळं लख्ख समजलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. मी ऑफिसात होते.

दाणा तळहातावर घेऊन मी गॅलरीत गेले. आत्या बोचक्याला टेकून बसल्या होत्या. छकुली त्यांच्या मांडीवर झोपली होती. मी हात पुढे केला. त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली.

"घावला व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "आणि दोन-तीन गेल्यात आत. त्या जाळीतनं पडलं. आकड्यानं काढाय बगितलं, तर आणिकच खाली गेलं."

"तुम्ही म्हणून गावी निघालात? आत्या, सांगायचं तरी!"

"कसं सांगू? समिंदरापल्याडनं भावानं धाडल्यालं. वाशीच्या मिस्त्रीला बी हुईना. तू भांडली आसतीस तर बरं झालं आसतं. पीठ पुसत बसलीस गप. म्हनलं, ह्या घरात आपल्या हातानं काय धड हुयाचं न्हाई."

"पण मिक्सरची पूजा कशाला केलीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतका बावळट प्रश्न पाटण तालुक्यात कोणी विचारला नव्हता.

"खंडेनवमी हुती. हत्याराला कुकू नगं? सगळं घर धुंडाळलं. इळा न्हाई, खुरपं न्हाई, कुदळ न्हाई. नंदूची पेन्सल काय हत्यार हाय व्हय? राबनारा ह्यो एकलाच गडी घरात." त्या छकुलीच्या अंगावरचं दुपटं उगाच सारखं करत राहिल्या. "आन् तुजी मनगटं ठनकायची. पट्ट्या बांधून निजायचीस, झोपंत कन्हायचीस. मी आयकायची, पन माजं हात बी थकल्यालं. ह्यो आला आन् पट्ट्या गेल्या. म्हनलं, माज्या लेकीचं हात राखलं ह्येनं. त्येच्या डोक्यावर चार दानं टाकावं."

त्यांना मुलगी नाही. लेकीचं म्हणाल्या, ते माझं. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं रडले, अगदी भोकाड पसरून. आमची छकुलीदेखील कधी तशी रडली नसेल. ती जागी झाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात आतून हे ओरडले, "अगं, तो लाल पार्ट कुठाय? त्याच्याशिवाय मी पुढे लावू कसा?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाक पुसत सांगितलं, "तुमच्या मुलाला तो इन्शुलेटर वाटला."

आत्या जे हसायला लागल्या, ते त्यांना ठसका लागेपर्यंत. आठवड्यानंतर हसत होत्या. मी दाणा तुळशीच्या कुंडीत टाकला आणि यांना जाऊन सांगितलं, की तो पार्ट जास्तीचा होता, कंपनीवाले देतात.

राहिलेले दाणेही निघाले. यांनी पट्टी पुसली, उलट्या ओळीनं एकेक तुकडा उचलून लावला आणि वर्तमानपत्र रिकामं झालं. एकही स्क्रू उरला नाही. हे स्वतःच दोनदा कागदाखाली बघून आले. मग प्लग लावला आणि बटण आत्यांना फिरवायला लावलं. त्यांनी भीतभीत एकवर नेलं. गडी खाली मान घालून सावकाश फिरायला लागला. दोनवर नेलं, थोडा वाढला. पुन्हा एकवर आणलं, पुन्हा शांत झाला.

"आता आयकतोय," आत्या म्हणाल्या.

त्यांचं बोचकं मी सोडलं. लुगडी परत कपाटात ठेवली. त्या "आगं, आगं" करत राहिल्या, पण उठून मला अडवलं काही नाही. देवजीला निरोप गेला, की आत्या येत नाहीत.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला मी मुद्दाम रजा काढली. आत्यांनी मिक्सर पुसला. यांचा धुतलेला रुमाल घडी घालून जाळीवर नीट घातला. गड्याच्या कपाळाला कुंकू लावलं, मानेवर झेंडूचं फूल ठेवलं. अक्षता मात्र टाकल्या नाहीत. त्या मुठीतच राहिल्या.

"हिकडं ये," त्या मला म्हणाल्या.

मी पुढे झाले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, मनगटांना हळद-कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या.

"आत्या, मी काय हत्यार आहे?"

"राबतीस न्हवं?" त्या म्हणाल्या. "आन् तुला जाळी न्हाई. तुज्यात काय आडकत न्हाई."

तेवढं मात्र त्यांचं चुकलं. दोन-तीन दाणे माझ्या केसात अडकले होते, ते मी रात्री निजेपर्यंत काढले नाहीत.