चपलांची अट

आप्पांनी नळाच्या तोटीला बोटांची मागची बाजू लावली, क्षणभर तशीच ठेवली आणि हात काढून घेतला.

“काही नाही,” ते म्हणाले. “गार लागतोय, एवढंच.”

न्हाणीघराच्या दारात भाडेकरीण उभी होती. ती नर्स होती. नुकतीच कामावरून आली होती, अंगावर अजून गणवेश होता आणि कडेवर वर्षाच्या आतलं पोर.

“चपला काढून बघा ना, आप्पा.”

आप्पांनी खाली पाहिलं. उंबऱ्यातल्या तिच्या नवऱ्याच्या निळ्या रबरी चपला त्यांनी आत शिरताना कधी पायात सरकवल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. त्यांनी उजवा पाय अर्धा बाहेर काढला. अंगठा ओल्या फरशीच्या वर येऊन थांबला. सत्तरी उलटलेल्या माणसाचा अंगठा, पण तो काही ऐकेना. त्यांनी पाय पुन्हा चपलेत घातला.

“गुडघा धरलाय आज,” ते म्हणाले.

पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत तिनं सावकाश सांगितलं, “आधी नुसत्या मुंग्या यायच्या. परवा हात चिकटल्यासारखा झाला. गीझर बंद होता तरी. आमच्या हॉस्पिटलचा वायरमन बघून गेला. म्हणाला, वायरिंग जुनंपुराणं आहे, अर्थिंगचा तर पत्ताच नाही. मालकाला सांगा, हे मालकाचं काम आहे.”

“सांगतो,” आप्पा म्हणाले.

जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं, की सांगायचं कोणाला? मालक आपणच. म्हणजे अर्धे. उरलेला अर्धा मालक खाली बसला होता, आणि त्याच्यापुढे आप्पांचं आयुष्यात कधी काही चाललं नव्हतं.

घर वडिलांनी बांधलं होतं. ते रेडिओ दुरुस्त करायचे. गवंडी बाहेरचा आणला, पण विजेच्या तारेला त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. “माझ्या घरातली वीज मी खेळवणार,” असं म्हणत. खेळवली आणि ती खेळकरच निघाली. लोकांच्या घरी चपला बाहेर काढून आत जातात, यांच्याकडे न्हाणीत जायचं ते चपला घालून. पाहुणा न्हाणीकडे वळला की दोन्ही पोरं एका सुरात ओरडत, “चपला!” एकदा मावशी विसरली आणि किंचाळत बाहेर आली, तेव्हा वडील हसत म्हणाले होते, “घर अजून ओळखत नाही तिला.” याला खोट असं कोणी कधी म्हटलं नाही. प्रत्येक घराची एक रीत असते, तशी ही या घराची. वरचा मजला भाड्यानं दिला तेव्हा भाडेकरणीलाही आप्पांनी हे सांगितलं होतं, आणि तेही कसं, तर पाण्याची वेळ आणि कचऱ्याची वेळ यांच्या मध्ये.

खाली त्यांची थोरली बहीण, ताई, आणि घर मिळवून देणारा एजंट चहा घेत होते. एजंटनं येतानाच नवा कागद छापून आणला होता.

“आलास? काय म्हणते ती?” ताईनं विचारलं.

“झटका येतो म्हणते.”

“मग? आपल्याला नाही आला? मेलो का आपण?” ताईनं बशी खाली ठेवली. “नाजूक झालेत लोक. उद्या म्हणतील, जिन्याला पायऱ्या फार आहेत, दोन काढा.”

एजंट हसला. आप्पांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

“वायरमन बोलवावा का?” त्यांनी विचारलं.

“बोलव की. तो आला की भिंती फोडणार. वरच्या फोडणार, मग खालच्या. मग म्हणणार, हे सगळंच बेकायदा आहे, वीज तोडा. वरचे जातील. आणि आपण खाणार काय, तुझी पुस्तकं?”

आप्पा छापखान्यात मुद्रितं तपासत. निवृत्तीनंतर हाती काय आलं, तर घरभर पुस्तकं आणि डोळ्यांना जाड भिंगं. वरच्या भाड्यावर दोघांचं चालत होतं, हे खरंच होतं.

“कायदा काय म्हणतो?” त्यांनी एजंटला विचारलं.

“कायदा साधा आहे, आप्पा. भाडेकरूनं भाडं द्यायचं, घर नीट वापरायचं. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाकडे. छप्पर, नळ, वायरिंग, सगळं तुमच्या गळ्यात. म्हणून तर हा कागद.” त्यानं बोट ठेवलं. “करारात एक जादा अट घालू. भाडेकरूला कल्पना दिलेली आहे, न्हाणीघरात रबरी चपला घालणं त्याच्यावर बंधनकारक आहे, न घातल्यास होणाऱ्या परिणामांस तो स्वतः जबाबदार राहील.”

“अशी सही घेतली की आपली जबाबदारी संपते?”

एजंटनं चहाचा शेवटचा घोट घेतला. “संपत नाही. पण वाद घालता येतो.”

आप्पांनी कागद उचलला. हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. ‘परिणामांस’च्या आधी त्यांनी ‘कोणत्याही’ घातलं, एक स्वल्पविराम खोडला. वाक्य एकदम घट्ट झालं, त्यातून कोणाला निसटता येईना. आपण काय केलं हे ध्यानात आलं तेव्हा पेनाचं टोपण लागलंही होतं.

“जा, तूच घेऊन ये सही,” ताई म्हणाली. “माझ्याशी भांडेल. तुला नाही म्हणताना लोकांना कसंतरी होतं.”

“आत्ताच?”

“मग काय मुहूर्त बघायचा?”

एजंट निघून गेला. आप्पा पुन्हा जिना चढले. मधल्या वळणावर ते थांबले, आणि कोणी पाहत नसतानाही गुडघा चोळत उभे राहिले.

वरचं दार उघडंच होतं. नर्सनं गणवेश बदलला होता. पोर जमिनीवर होतं. खाटेच्या कडेला धरून ते उभं राही, दोन्ही गुडघ्यांनी डोलत राही, मग धपकन बसे आणि जगाकडे तक्रारीनं बघे. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेला होता.

“परवा पहिल्यांदा उभा राहिला,” ती म्हणाली. “आता बसवलं तर रडतो. जे दिसेल ते धरून उठायचं बघतो.”

आप्पांनी कागद पुढे केला. काय बोलायचं ते त्यांनी जिन्यात ठरवलं होतं, ते सगळं विसरले. “एक अट वाढवलीय. वाचून बघा.”

तिनं वाचलं. घाईघाईत नाही, नीट वाचलं. ती आता काय म्हणेल म्हणून आप्पांनी मान खाली घातली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या भांडण्यामागे लपून त्यांना ताईकडे जाता आलं असतं.

“पेन द्या,” ती म्हणाली.

“तुम्हाला पटत नसेल तर...”

“पटण्याचं काय, आप्पा. हे लहान, नवरा महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. आत्ता कुठे घर शोधत फिरू?” तिनं सही केली, पेन परत दिलं. मग संकोचानं विचारलं, “तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारते. एवढ्याशा पायाच्या रबरी चपला कुठे मिळतात हो? मी दोन दुकानांत विचारलं. ते म्हणाले, चालायला लागल्याशिवाय चपला कशाला?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. आप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

“तुमच्या लहानपणी काय करायचे?” तिनं विचारलं.

“आठवत नाही,” आप्पा म्हणाले.

“बरं. बादली लावते आता. आज फार चिडलाय, आंघोळ घातली की झोपेल.”

ते खाली आले तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई पंख्याखाली बसून शेंगा सोलत होती.

“झाली सही?”

“झाली.”

“मग तोंड का असं?”

आप्पांनी कागद टेबलावर ठेवला. भिंतीतल्या पाइपमधून घरघर सुरू झाली. वर कोणी नळ सोडला की ही घरघर या खोलीतून खाली जायची. लहानपणापासूनच्या या आवाजाकडे त्यांचं कधी लक्ष जात नसे. आत्ता त्यांना दुसरं काही ऐकू येईना.

“ताई, आई आपल्याला आंघोळ कुठे घालायची?”

“आता हे काय मध्येच?”

“अगदी लहानपणी. मी जेमतेम उभा राहत होतो तेव्हा.”

“स्वयंपाकघरात. मोठ्या घमेल्यात बसवायची तुला. पाणी सांडायचं, ते पुसायला मी.” ताईनं शेंग फोडली. “पायात चप्पल टिकायला लागली, तेव्हा न्हाणीत जायला लागलास.”

“आणि तू?”

“मीही तशीच. सगळीच पोरं. मावशीची यायची तीसुद्धा.”

“का?”

“का म्हणजे? न्हाणीत गार वारा लागतो, पोरं आजारी पडतात. आई नेहमी म्हणायची.”

“न्हाणीला खिडकीच नाही, ताई.”

ताईची बोटं शेंगेवर थांबली. भिंतीतली घरघर चालू होती. बादली भरत आली की तिचा सूर बारीक होतो. तो बारीक होत चालला होता. वरून पोराचं रडणं आणि नर्सचं “आले, आले” ऐकू आलं.

ताई काहीतरी म्हणेल म्हणून आप्पा थांबले. लहानपणापासून तीच सगळं ठरवायची. ती भिंतीकडे बघत बसली होती, आणि त्या क्षणी तिचा चेहरा इतका आईसारखा दिसत होता, की आप्पांना तिच्याकडे बघवेना.

जिना चढून जायला वेळ लागला असता. मीटरची पेटी दाराशी होती. आप्पा तिथवर चालत गेले, पळाले नाहीत. पळणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि मुख्य खटका खाली ओढला.

दिवे गेले. पंखा दोनचार फेरे उगाच फिरला आणि थांबला. वर नळ बंद झाला, पाइपमधली घरघरही थांबली. वर पाऊल वाजलं, दार करकरलं.

“आप्पा, लाईट गेली का?” नर्सनं जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारलं.

“गेली नाही. मी बंद केली,” आप्पा म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “बाळाला न्हाणीत नेऊ नका.”

नर्स दोन पायऱ्या खाली उतरली.

“मग कधी येईल?”

आप्पांनी वळून पाहिलं. अंधुक उजेडात ताईनं मांडीवरची शेंगांची टरफलं एका हातानं गोळा केली आणि ती कुठे टाकावी हे न सुचून तशीच मुठीत धरून बसली.

“सांग तिला,” ती म्हणाली. “वेळ लागेल म्हणावं. भिंती फोडायच्यात.”