कोपऱ्यातला पंप

तौनोने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर चक्क बर्फगाडीच्या इंजिनाचा सिलिंडर ठेवला होता. बायको सायमा असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. पण ती ऑक्टोबरात गेली, आणि आता विचारणारं कुणी नव्हतं. घर नुसतं खायला उठायचं.

सिलिंडरच्या आत बोट फिरवलं की उभे ओरखडे लागायचे, मांजराने बोचकारल्यासारखे. पिवळी बर्फगाडी पंचेचाळीस वर्षांची, लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात घेतलेली. जानेवारीत गोठलेल्या तळ्याच्या मधोमध तिने किंकाळी फोडली आणि ती जाम झाली. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा तीन किलोमीटर बर्फ तुडवत घरी आला.

डोळे अधू झाल्यापासून मोटारीचं लायसन्स गेलेलं. तळ्यापलीकडे जायला हीच एक गाडी उरली होती. पलीकडे रायलीचा पेट्रोलपंप, त्याला लागून तिचं कॉफीचं दुकान. दर गुरुवारी खिडकीजवळच्या टेबलावर हा आणि आणखी पाचजण, कॉफी आणि दालचिनीचा बन. बाकीचे सहा दिवस तौनो रेडिओशी भांडायचा. त्या टेबलाशिवाय त्याला जगात कुणी नव्हतं.

आणि तेच त्याने स्वतःच्या हाताने घालवलं होतं. गाडी ओढून आणून इंजिन उघडलं तर आत सगळं कोरडं ठणठणीत. असली जुनी इंजिनं पेट्रोलात कालवलेल्या तेलावरच चालतात. तेल नसलं की पिस्टन सिलिंडरला खरवडून काढतो, हे त्याला पक्कं ठाऊक. आणि रायलीच्या कोपऱ्यातल्या पंपावर तर तेल घातलेलंच पेट्रोल मिळायचं. मग काय! टपालवाल्या कौकोच्या गाडीतून तडक तिकडे गेला आणि सगळ्यांसमोर टेबलावर मूठ आपटली.

"रायली, तेलात हात मारतेस होय? लाज नाही वाटत? मेलो असतो मी तळ्यात!"

रायली कॉफी ओतत होती, ओतत राहिली. टेबलावरचे पाचही जण माना खाली घालून कपात बघत बसले.

"चुकलं असेल माझं," ती एवढंच म्हणाली.

"असेल म्हणे!" तौनो दार आपटून निघाला. बाईने कबूलच केलं की, असं त्याला वाटलं. नंतर दोनदा रायलीचा फोन आला, पण याने नंबर बघून उचलला नाही. तिसऱ्यांदा वाजेल म्हणून फोन खिशात घेऊन मात्र हिंडला. तो वाजला नाही. असे नऊ गुरुवार गेले.

मार्चमध्ये त्याने सिलिंडर खोक्यात भरून बसने रोव्हानिएमी शहरातल्या कारागिराकडे पाठवला. त्याने बोअरिंग करून, म्हणजे आतून किंचित कोरून, ओरखडे काढले, एक माप मोठा पिस्टन दिला आणि मागोमाग फोन केला.

"काका, पहिल्या दोन टाक्यांना तेल जरा सढळ हाताने घाला हं."

"मी कशाला घालू? आमच्या पंपावर घातलेलंच मिळतं."

पलीकडचा हसला. "काय थट्टा करताय, काका! तसलं पेट्रोल पंपावर मिळायचं बंद होऊन पंचवीस वर्षं झाली. इतकी वर्षं कोण घालत होतं तेल?"

तौनोने फोन ठेवला. तो कॉफी पीत बसायचा तेव्हा पेट्रोलचे डबे भरायला सायमा जायची. ती गेली तेव्हा शेडमध्ये तीन डबे भरलेले होते. घरात बसवेना म्हणून डिसेंबरभर तळ्याला उगाच फेऱ्या मारत त्याने ते जाळले. चौथा डबा त्याने स्वतः भरला, कोपऱ्यातल्या पंपावर. तिच्या हातचं शेवटचं त्याने असं उधळलं होतं, आणि वर रायलीच्या नावाने शिमगा केला होता. तो रडला. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मोठ्याने रडला.

दोन दिवसांत त्याने पिस्टनच्या रिंगा बसवल्या, सिलिंडर चढवला, नट आवळले. इंजिन तयार होतं, पण तेलाशिवाय सुरू करायची सोय नव्हती. आणि तेल रायलीकडेच मिळायचं.

गुरुवारी कौकोच्या गाडीतून तो गेला. दारातच टोपी काढली.

"रायली, पेट्रोलात काही खोट नव्हती. गाढव मी आहे."

"एवढं कळायला दोन महिने लागले?" टेबलावरून म्हातारा आर्वो म्हणाला. कुणी हसलं नाही.

रायलीने फळीवरून तेलाची बाटली काढली. "हेच न्यायची ती."

"तुला ठाऊक होतं? मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तीन महिने झाले होते तिला जाऊन. तेव्हा सांगायचं होतं का तुला, सगळ्यांसमोर?"

तौनोने बाटली हातात घेतली. "पण तिने तरी का नाही सांगितलं कधी?"

"सांगितलं होतं रे. ते पेट्रोल बंद झालं त्याच हिवाळ्यात. तू पेपर वाचत होतास, हं म्हणालास. आठवड्याने परत सांगितलं, परत हं. मग मला म्हणाली, जाऊ दे, मी आहे तोवर मीच घालते."

"किती घालायचं?" त्याने विचारलं.

"वीस लिटरला अर्धा लिटर."

आर्वोने पायाने खुर्ची पुढे सरकवली. तौनोला बसवेना. संसाराच्या इतक्या वर्षांत आणखी काय काय सांगितलं असेल तिने, आणि आपण नुसतं हं म्हणालो असू.